टाइग म्हणजे कवी

आमच्या प्लांटवर त्याला चार नावं होती आणि चारही चुकीची होती. फिलिपिनो पोरं 'सर टेड' म्हणायची. बिहारकडचे वेल्डर 'टायगर साहब' म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की हसायचे. आम्ही कोकणातली मंडळी आपसात नुसतं 'वाघ' म्हणायचो. आणि इकाम्यावर, म्हणजे ज्या कार्डाशिवाय या देशात परक्या माणसाला रस्त्यावर उभंही राहता येत नाही त्या कार्डावर, अरबीत जे छापलं होतं ते मोठ्याने वाचलं की 'तादहज' असं काहीतरी ऐकू यायचं. पासपोर्टावर इंग्रजी अक्षरं होती टी, ए, डी, एच, जी. कुणा कारकुनाने ती एकामागून एक अरबीत उतरवली होती. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता, ती अक्षरं बघून मीही तेच म्हटलं असतं.

खरा उच्चार टाइग. 'टायगर'मधला शेवटचा र गिळायचा, झालं. इतकं सोपं नाव सौदीतल्या या अख्ख्या यान्बू शहरात कुणाच्या तोंडी बसू नये याचा त्याला रोज सकाळी नव्याने संताप यायचा. तो आयर्लंडचा, साठीला टेकलेला, उन्हाने कातडी सोललेली, भुवया पांढऱ्या. प्लांट बंद करून आतून साफसफाई आणि दुरुस्ती करतात त्या शटडाऊनच्या कामांवर तो सेफ्टीचा मुख्य होता, आणि मी परमिट ऑफिसात त्याच्या हाताखाली. इतका डोक्यात जाणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही. पण माझे रफीकचाचा आज जिवंत आहेत ते या माणसाच्या एका वेडामुळे, हेही तितकंच खरं आहे. त्याच्याविषयी बोलायला लागलो की मला राग येतो. त्यातला थोडा त्याच्यावर आहे. बाकीचा कुणावर, ते पुढे येईलच.

त्याचं फोनचं तर एक प्रकरणच होतं. फोन वाजला की तो उचलून कानाला लावायचा आणि काही न बोलता थांबायचा. पलीकडच्याने नाव नीट घेतलं तर 'बोल' म्हणायचा, नाही घेतलं तर ठेवून द्यायचा. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर त्याला पाचव्याच नावाने, 'मिस्टर टॅड' म्हणायचा. मग काय, मॅनेजरचे फोन कट व्हायचे आणि तो माझ्या टेबलावरचा फोन वाजवून माझ्यावर ओरडायचा. हा मॅनेजर पुण्याचा. माझ्याशी मराठीत बोलायचा, 'अहो' वगैरे म्हणायचा. एकदा म्हणाला, "अहो, त्या येड्याला सांगा ना, नावात काय सोनं लागलंय का?" मी हे साहेबाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला असता आणि माझी संध्याकाळ तिथेच गेली असती.

बाकी माणूस साधा होता. दुपारी उभ्याउभ्या डब्यातले सार्डिन काट्याने खायचा. जॅमच्या रिकाम्या बरणीतून काळा चहा प्यायचा. भर उन्हात टोपी न घालता हिंडायचा आणि आमची हेल्मेटं मात्र सरळ करत फिरायचा. दरवर्षी डोंगरावरच्या ताइफला गुलाबाचा हंगाम आला की दोन दिवस सुट्टी घेऊन जायचा आणि परत आला की ताइफ महाग झालं म्हणून चिडलेला असायचा. एकूण काय, तो कुठे गेला तरी चिडूनच परत यायचा.

सकाळचा त्याचा एक नेम होता. वेसल म्हणजे ते मोठं लोखंडी पिंप, घरात मावणार नाही एवढं. त्याच्या मॅनहोलमधून आत उतरायच्या आधी तो सगळ्या माणसांना ओळीत उभं करायचा आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगायला लावायचा. मग तेच नाव तो स्वतः म्हणायचा. चुकलं की माणसाने त्याला सुधारायचं. जमलं की तो मान हलवायचा आणि त्या माणसाने 'हाजिर' म्हणून आत जायचं. शेवटी तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचा, "टाइग. म्हणजे कवी." माणसं हसू दाबायची. मॅनेजर घड्याळ बघायचा. कामाला उशीर होतो म्हणून वर तक्रारीही गेल्या. तो म्हणाला, "ज्या भोकातून मी माणूस आत घालतो, त्या भोकातून कोण गेलं हे मला माहीत पाहिजे. आकडा नको, माणूस."

चाचांची पाळी आली की ते खाली बघत म्हणायचे, "रफीक हसन तांडेल, बाणकोट." साहेबाला 'तांडेल' म्हणता यायचं नाही, 'टॅंडल' म्हणायचा. चाचा मान हलवत राहायचे. ते आमच्या मोहल्ल्यातले, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांचे वडील खरोखरचे तांडेल, गलबत चालवणारे. पहिला मुलगा झाला तेव्हा समुद्रावरून परत आल्यावर त्यांनी नाव ठेवलं रफीक. रफीक म्हणजे सफरीतला सोबती. गलबतावर माणसाला सगळ्यात जास्त गरज कशाची असते, तर चांगल्या सोबत्याची, असं ते म्हणायचे म्हणे. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलोय. आमच्याकडे नाव असं ठेवतात, दोन माणसं बसतात, अर्थ काढतात, मौलवीसाहेबांना विचारतात, मग कानात सांगतात.

आणि इथे? इथे 'रफीक' म्हणजे आम्ही सगळेच. गेटवरचा शिपाई, टॅक्सीवाला, दुकानदार, फोरमन, ज्याला ज्याला एखाद्या हिंदुस्थानी, बंगाली किंवा पाकिस्तानी मजुराला हाक मारायची असते तो म्हणतो, "या रफीग." इथल्या बोलीत शेवटच्या अक्षराचा ग होतो. सोबती म्हणून कुणी म्हणत नाही. 'अरे ए' म्हणावं तसं म्हणतात. झाडू घे रफीग, बाजूला हो रफीग, यल्ला रफीग, म्हणजे चल आवर. आणि अरबच म्हणतात असंही नाही. आमचा पुण्याचा मॅनेजर मीटिंगमध्ये "रफीक लोकांना सांगा" म्हणायचा, आणि म्हणताना त्याला काही वाटायचं नाही. चाचांना या देशात येऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांना दिवसातून कित्येक वेळा स्वतःचं नाव ऐकू यायचं आणि ते त्यांच्यासाठी नसायचं.

साहेबाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, नेहमीसारखा ओरडणार. तो ओरडला नाही. बरणीतला चहा बाजूला ठेवून म्हणाला, "हे आमच्या बाबतीतही झालंय. नेमकं हेच, माझ्याच नावाचं झालंय."

मग त्याने मला त्याच्या नावाची कूळकथा सांगितली. टाइग हा त्यांच्या जुन्या भाषेतला शब्द, अर्थ कवी. त्यांच्याकडे कवी म्हणजे फावल्या वेळात कागद खरडणारा माणूस नव्हता. कवीला राजाच्या पंगतीत जागा असायची आणि राजासुद्धा त्याच्या जिभेला टरकून असायचा. मोठमोठ्या सरदारांनी हे नाव लावलं. मग ते इतकं चाललं की घरोघरी एक टाइग झाला, आणि 'बाजारातला टाइग' म्हणजे कुणीही ऐरागैरा असा बोलण्यात वापर होऊ लागला. आमच्याकडे सोम्यागोम्या म्हणतात, मी म्हणालो. त्याने तो शब्द चारपाचदा म्हणून बघितला आणि खूश झाला. खूश झालेलं मी त्याला क्वचितच पाहिलं. पुढे इंग्रजांचं राज्य पक्कं झालं. त्यांना ते नाव लिहिता येईना, म्हणता येईना. कागदावर टाइगचा टिमथी झाला, थॅडियस झाला. टिमथीचा टाइगशी संबंध काय, तर दोघांचा ट सारखा. आमच्या दत्तारामाला कुणी डेव्हिड करून टाकावं तसं. आणि एवढ्यावर भागलं नाही. जिकडेतिकडे टाइगच दिसतात म्हणून इंग्रज प्रत्येक आयरिश माणसालाच टाइग म्हणू लागले. म्हणताम्हणता त्याची शिवी झाली. त्याच्या गावाकडे, आयर्लंडच्या उत्तर भागात, ती अजून शिवी आहे. कॅथलिक माणसाला हिणवायचं असलं की तो शब्द. कवी या शब्दाची शिवी. बोलताबोलता त्याने टेबलावरचा स्टेपलर उचलून भिंतीवर मारला. तो नंतर कधीच चालला नाही.

एका शुक्रवारी मी त्याला घरी जेवायला बोलावलं. बायकोने खापरोळ्या केल्या होत्या, नारळाच्या रसात. त्याने सार्डिनच्या डब्याची आयुष्यभराची भरपाई केली. मग माझ्या मुलीला, सबाला, विचारलं की तुझ्या नावाचा अर्थ काय. ती म्हणाली, "आय डोन्ट नो, अंकल. एव्हरीवन कॉल्स मी सॅब्ज." तो सावकाश माझ्याकडे वळला. माझ्याच घरात, माझंच मीठ खात असताना, त्याने मला झापलं. पोरीला नाव दिलंस आणि त्यातलं काही दिलं नाहीस म्हणाला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती आणि मान डोलवत होती, त्याचा मला जास्त राग आला. मी सबाला सांगितलं, सबा म्हणजे पहाटेची पूर्वेकडून येणारी मंद झुळूक. ती म्हणाली, "ओह, नाइस," आणि आतल्या खोलीत गेली. पण दोन दिवसांनी शाळेच्या बसमध्ये कुणीतरी सॅब्ज म्हटलं तेव्हा तिने त्याला झुळूक समजावून सांगितली असं तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

त्याच दुपारी, ताट पुढे सारून, त्याने ती भिंतीची गोष्ट सांगितली. तो लहान होता, नुकता वाचायला शिकलेला. त्यांच्या शहरात तेव्हा दंगे होते, सैनिक रस्त्यावर होते. आईबरोबर चालताना तो भिंतींवरची अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायचा, पोरं वाचतात तसा. एका भिंतीवर पांढऱ्या रंगात मोठं काहीतरी लिहिलं होतं. स्पेलिंग त्याच्या नावाचं नव्हतं, म्हणून त्याला आधी काही कळलं नाही. त्याने पहिला शब्द वाचला, मारा. दुसरा वाचला, सगळ्या. तिसरा अक्षर अक्षर जोडून वाचला आणि त्याच्या स्वतःच्या तोंडून त्याचं स्वतःचं नाव बाहेर पडलं.

"मला वाटलं, कुणीतरी मला ओळखतं," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या शहरात कुणीतरी माझं नाव घेऊन मला मारायला निघालंय."

आईने त्याला घरी नेऊन सांगितलं, रस्त्यात हे नाव कुणी पुकारलं तर मागे वळून बघायचं नाही. ऐकूच आलं नाही असं दाखवत चालत राहायचं. बाहेर तू टिम. आणि तो कितीतरी वर्षं टिम होता. स्वतःच्या नावाला बहिरा व्हायला तो शिकला. पुढे आई गेली, आणि दफनाच्या दिवशी कुणीतरी त्याला टिम म्हणून हाक मारली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ज्या एका माणसाच्या तोंडी हे नाव उरलं होतं ते माणूसही आता राहिलं नाही. त्या दिवसापासून टिम संपला. मग जगभर, जिथे जिथे काम मिळालं तिथे तिथे, त्याने हा तमाशा सुरू केला. सबाची आई खापरोळी वाढायला आली तेव्हा त्याने डोळे पुसले होते, पण राग तसाच होता.

जेद्दाला बलदमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एक म्हातारा पितळेच्या पाट्या कोरून द्यायचा. साहेबाने आमच्या गँगमधल्या प्रत्येकासाठी नावाचा बिल्ला करून घ्यायचं ठरवलं, स्वतःच्या खिशातून, आणि मला दुभाषा म्हणून नेलं. शेवटी त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि इकामा पुढे केला. म्हाताऱ्याने कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, तोंडाने म्हण. साहेब म्हणाला, टाइग. म्हाताऱ्याने ऐकलं तसं कोरलं आणि शेवटी काफ हे अक्षर लावलं, या किनाऱ्याकडे, हिजाजमध्ये, काफचा ग म्हणतात म्हणून. मग चाचांचा बिल्ला बाजूला ठेवून त्याने बोटाने दाखवलं. दोन्ही नावांच्या शेवटी तेच अक्षर. रफीकचा काफ आणि टाइगचा काफ. परतीच्या रस्त्यात यान्बू येईपर्यंत साहेब तो बिल्ला अंगठ्याने चोळत होता आणि या देशात हा एकच धातूचा तुकडा खरं बोलतो असं म्हणत होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बिल्ल्यांवर बंदी घातली. धातू आहे, ठिणगी पडेल म्हणे. पितळेची ठिणगी पडत नाही हे तिथल्या हमालालाही माहीत होतं, म्हणून तर आमची हत्यारं पितळेची असतात. साहेबाने ते मॅनेजरला सगळ्यांसमोर, फार मोठ्या आवाजात सांगितलं. बिल्ले ड्रॉवरमध्ये गेले आणि कंपनीचे प्लॅस्टिकचे बिल्ले राहिले, ज्यांवरची अक्षरं उन्हाने कधीच उडून गेली होती.

आता तो दिवस. शटडाऊन संपत आलं होतं, वरून घाई होती. एका वेसलची आतली सफाई झाली होती, माणसं बाहेर काढायची, मॅनहोलचं झाकण बसवायचं आणि आत नायट्रोजन सोडायचा. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. त्यात माणूस सापडला तर त्याला काही होतंय हे कळायच्या आत तो आडवा होतो. त्या सकाळी साहेब दुसऱ्या युनिटमध्ये अडकला होता म्हणून त्याची नावांची ओळ झाली नव्हती. मॅनहोलपाशी कोण आत, कोण बाहेर हे बघायला बसवलेला माणूस नवा होता. फोरमनने मॅनहोलमध्ये तोंड घालून आरोळी ठोकली, "या रफीग, यल्ला, खलास." आतली माणसं एकेक करून बाहेर आली. मॅनेजरने वायरलेसवर विचारलं, रफीक बाहेर आला का? त्याला म्हणायचं होतं, मजूर बाहेर आले का. नव्या माणसाने समोर उभ्या असलेल्या एका मजुराकडे बघितलं आणि उत्तर दिलं, "हाँ साब, रफीक बाहर आ गया."

साहेब तोवर ऑफिसात आला होता, मी त्याच्यासमोर होतो. वायरलेस टेबलावर बोलत होता. ते वाक्य ऐकून त्याने मला विचारलं, काय म्हणाला तो? मी इंग्रजीत सांगितलं. त्याने वायरलेस उचलून विचारलं, कुठला रफीक? उत्तर आलं, "रफीक, सर. रफीक." तो पळत सुटला. त्या वयाचा माणूस त्या उन्हात पळताना मी पाहिला नव्हता, आणि मी त्याच्या मागे. आम्ही पोचलो तेव्हा झाकण लागलं होतं आणि दोन जण नट आवळत होते. त्याने त्यांच्या हातातले पाने हिसकावून घेतले. मॅनेजर ओरडत होता की सगळे बाहेर आहेत, उशीर होतोय, कोण याचा जबाब देणार. साहेबाने झाकण उघडून घेतलं, आत डोकं घातलं आणि पुकारलं.

"रफीक हसन तांडेल."

तांडेल बरोबर म्हणाला. पहिल्यांदाच. लोखंडात आवाज घुमला आणि विरला. मग अगदी आतून, आडव्या पत्र्याच्या पलीकडून, सवयीने आल्यासारखं उत्तर आलं, "हाजिर."

चाचा खरवडणी हातात घेऊन बाहेर आले. चेहरा काळा, डोळे मिचकावत. मी त्यांच्यावरच खेकसलो. चाचा, फोरमनने हाक मारली ती ऐकली नाही का तुम्ही? त्यांनी आधी माझ्याकडे, मग सगळ्यांकडे बघितलं, काहीतरी चूक झाली असं वाटून ओशाळले.

"ऐकली तं," ते म्हणाले. "मना वाटला, दुसऱ्या कुनाला तरी बोलावतान."

मी हे साहेबाला इंग्रजीत सांगितलं. तो मॅनहोलशेजारी खाली वाळूत बसला आणि बराच वेळ उठला नाही.

इथपर्यंतचा राग वेगळा आणि पुढचा वेगळा. पुढचा अजून पोटात आहे. कंपनीला चौकशी करावी लागली आणि चौकशीत कुणीतरी दोषी लागतो. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने मला बाजूला घेतलं. आवाज मऊ. "अहो, तुमच्याच गावचा माणूस आहे ना? समजावा त्याला. आत झोप लागली होती, एवढंच लिहून देऊ दे. नाहीतर एक्झिटचा शिक्का मारून कायमचं घरी पाठवतील बिचाऱ्याला." बिचाऱ्याला, म्हणाला. आणि चाचा तयार होते. त्यांना वाटत होतं, आपण जिवंत आहोत, नोकरी आहे, मोठ्या माणसांना एवढा त्रास कशाला. झोपलो होतो म्हटलं तर काय बिघडतं. ज्या माणसाला मी बाणकोटच्या खाडीत भरतीच्या वेळी उभ्याने होडी हाकताना पाहिलं होतं, तो माणूस कधी न लागलेल्या झोपेची माफी मागायला तयार झाला होता.

त्या कागदावर सेफ्टीच्या मुख्याचीही सही लागत होती. मीटिंगरूममध्ये मॅनेजर, वरचे दोघे साहेब, चाचा गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीच्या कडेला, मी दुभाषा म्हणून. आमच्या साहेबाने कागद वाचला. मग मॅनेजरपुढे सरकवला आणि म्हणाला, "या माणसाचं नाव सांग."

मॅनेजर म्हणाला, रफीक.

"पूर्ण नाव. ज्याला तू झोपाळू ठरवतोयस त्याचं पूर्ण नाव सांग."

मॅनेजरने कागदाकडे बघितलं. कागदावरही नुसतं रफीक आणि एक नंबर होता. वरचे साहेब पाण्याच्या बाटल्यांशी चाळा करत होते. तेवढ्यात चाचांनी, अडलेल्या माणसाला मदत करावी तशा सुरात, स्वतःच सांगून टाकलं, रफीक हसन तांडेल. साहेब त्यांच्यावर खवळला. "तुम्ही नाही," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे." मग त्याने कारण लिहायच्या जागी एकच शब्द लिहिला, नाव. त्याखाली सही केली, स्वतःच्या भाषेतली, आणि मॅनेजरच्या अंगावर पेन फेकून बाहेर गेला.

त्याला आठवड्याच्या आत घालवलं. कारण दिलं, सहकाऱ्यांशी उद्धट वर्तन. ते खोटंही नव्हतं. प्रकरण दाबलं गेलं, आणि दाबायचं म्हटल्यावर चाचांनाही घरी पाठवता येईना, कारण पाठवलं असतं तर का पाठवलं हे विचारलं गेलं असतं. असा एका माणसाच्या आडमुठेपणाने दुसऱ्याचा इकामा वाचला. मी त्याला देवमाणूस म्हणणार नाही. त्याला राग परवडत होता. त्याचा पासपोर्ट भारी होता. इथून हाकललं तर दुसऱ्या देशात त्याच पगारावर ओरडायला तो मोकळा होता. आमचा राग आम्हाला गिळावा लागतो, आणि गिळलेला राग माणसाला काय करतो ते मी चाचांच्या खाली झुकलेल्या मानेत रोज बघत होतो. हे मी त्याला जेद्दाला सोडायला जाताना गाडीत बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, खरं आहे. बस, एवढंच. भांडायला एरवी एका पायावर तयार असायचा आणि नेमकं तेव्हा मान्य करून मोकळा झाला.

विमानतळावर काउंटरच्या मुलीने पासपोर्ट उघडून विचारलं, "मिस्टर टॅड-हग?" आणि तो म्हणाला, येस. मी थक्क होऊन त्याच्याकडे बघितलं. थकला होता, खांदे पडले होते, म्हणाला येस. इतकी वर्षं फोन आपटणारा माणूस. मला त्याचा इतका संताप आला की मी पुढे होऊन त्या मुलीला सांगितलं, "टाइग. यांचं नाव टाइग आहे. म्हणजे कवी." ती गोड हसली आणि बोर्डिंग पास छापून दिला. साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला. नंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही. मी फोन केला असता, पण तिकडून कुणी बोललंच नाही तर मला काय म्हणायचं ते मला माहीत होतं, आणि त्यापुढे काय बोलायचं ते माहीत नव्हतं.

नवा सेफ्टीवाला आला. सकाळची ओळ बंद झाली, वेळ वाचतो म्हणून. मॅनेजर आहे तिथेच आहे, आणि मीटिंगमध्ये अजून 'रफीक लोक' म्हणतो. काही बदललं असं सांगून मी कुणाचं समाधान करणार नाही.

फक्त गेल्या आठवड्यातलं सांगतो. यार्डात पाइप उतरवायचे होते. नवा फोरमन शेडच्या सावलीतून ओरडला, "या रफीग, तआल," म्हणजे इकडे ये. यार्डातल्या जवळजवळ सगळ्या माना वळल्या. चाचांची वळली नाही. ते दोरखंडाची गाठ मारत होते, मारत राहिले. फोरमन पुन्हा ओरडला, या वेळी त्यांच्याकडे बोट करून. मी जवळच होतो, मला भीती वाटली, पूर्वीचीच. मी हळूच म्हणालो, चाचा, तुम्हाला बोलवतोय.

त्यांनी गाठ ओढून घट्ट केली. त्यांच्या खिशातून ड्रॉवरमधला तो पितळेचा बिल्ला चमकला.

"आयकला," ते म्हणाले. "माजा नाव कुठं घेतला त्यानी?"

फोरमन उन्हातून चालत आला, शिव्या देत, आणि अगदी समोर उभा राहिल्यावर त्याला विचारावंच लागलं की तुझं नाव काय. चाचांनी ताठ उभं राहून त्याला सांगितलं, बापासकट, आणि त्याला ते नीट म्हणता येईपर्यंत थांबले. मग 'हाजिर' म्हणाले आणि पाइप उचलायला गेले.